पंचमेळ : जबलपूरच्या मराठीविषयी

जबलपूरला दिवाळीच्या दिवसांत हलवायाच्या दुकानी ‘पंचमेल’ मागितले, की तो पुढे काही विचारत नाही. हाताला येतील त्या पाच-सहा जातींची मिठाई डब्यात बसवतो, डबा तराजूत टाकतो आणि एकच भाव लावतो. किराणा दुकानात पंचमेल डाळ मिळते. नेत्यांची मोट बांधून सरकार उभे राहिले, की हिंदी वर्तमानपत्र त्याला पंचमेल खिचडी म्हणते. हाच शब्द या संग्रहाच्या नावासाठी निवडला आहे, फक्त शेवटचे अक्षर बदलून. तो का निवडला आणि अक्षर का बदलले, हे आधी सांगते. मग संग्रहाकडे वळू.

जबलपूरच्या मराठी घरांत रोज बोलले जाणारे, पण पुण्या-मुंबईच्या मराठीत सहसा न भेटणारे शब्द आणि वाक्प्रयोग संग्राहकांनी येथे एकत्र केले आहेत. ते काम चालू असताना एक अडचण सारखी समोर येत राहिली. या बोलीला म्हणायचे काय? मराठीत मिश्रणासाठी शब्दांची वाण नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द निकाल देऊन मोकळा होतो. ‘भेसळ’ घ्या. आज हा शब्द दुधात पाणी आणि तिखटात विटेची भुकटी याच बातम्यांत भेटतो, भेसळीला कोणी चांगले म्हणत नाही. ‘खिचडी’ ताटात प्रिय आहे, भाषेच्या संदर्भात मात्र ती शिवी ठरते. ‘सरमिसळ’ सौम्य आहे, पण सरमिसळ झाली म्हणजे कुठले काय याचा हिशेब संपला. ‘चित्रविचित्र’ मुळात नाना रंगांचे, नाना आकृतींचे असे सांगणारा देखणा संस्कृत शब्द. मराठीत त्याची रवानगी विक्षिप्तपणात झाली. ‘रंगीबेरंगी’ एवढा एकच खुशीत राहिला. त्यातला ‘बे’ हा अभाव दाखवणारा उपसर्ग नव्हे. फारसीतल्या ‘रंग-ब-रंग’ या जोडीचा तो मराठी उच्चार आहे. पण रंगीबेरंगी डोळ्यांपुरता आहे, पतंगाला आणि बांगड्यांना शोभतो. बोलीला लावला तर तिचे नटवे रूप तेवढे दिसते, आतली घडण दिसत नाही.

आणि ‘धेडगुजरी’. दोन भाषा एका वाक्यात आल्या, की मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द पटकन येतो. चांगले चांगले समीक्षक तो वापरत आले, आजही वापरतात. त्याचा पहिला अर्धा भाग एका जातीचे नाव आहे आणि ते नाव तुच्छतेने घेतले जात असे, हे वापरणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते. बोलीला हिणवण्यासाठी माणसांच्या एका समूहाला हिणवणारा शब्द मराठीने इतकी वर्षे सांभाळला, याची मला मनापासून लाज वाटते. या संग्रहात तो कुठेही नाही आणि वाचकांनीही तो टाकावा असे माझे मत आहे. केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. बोली कशी बनते यावर तो शब्द काहीच सांगत नाही, हेही तितकेच खरे.

मराठीत मिश्रणाला मान देणारा एक जुना शब्द आहे : काला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडाव्यात, दही-पोहे-लोणचे एकत्र कालवावे आणि कोणाचे काय हे न विचारता सगळ्यांनी खावे. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानेच होते. एवढी प्रतिष्ठा मिश्रणाला फार थोड्या भाषांनी दिली असेल. संग्रहाला ‘काला’ हेच नाव द्यावे असे आरंभी ठरत होते. पण जबलपूरच्या घरांतली मुले दोन भाषांत वाढतात, आणि हिंदीत काला म्हणजे काळा. मुखपृष्ठावर ते नाव वाचून पहिला प्रश्न काय आला असता, ते सांगायला नको.

राहिला पंचमेल. यातले ‘पंच’ मोजणीचे आहे आणि नाहीही. आपल्याकडे पाच हा आकडा पुरेशा विविधतेची खूण म्हणून येतो : पंचपक्वान्न, पंचखाद्य, पंचक्रोशी. पंचामृतात तर दूध, दही, तूप, मध, साखर अशी नावे घेऊन एकेक घटक घातला जातो. मला पंचमेल आवडतो तो याच कारणाने. मिठाईच्या त्या डब्यात बर्फी बर्फीच राहते आणि लाडू लाडूच. एकत्र असणे आणि वेगळे ओळखू येणे, दोन्ही गोष्टी तो शब्द एकदम सांगतो. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्याला मोठे काम मिळाले आहे. कबीराची भाषा कोणती, हा तिथला जुना वाद. रामचंद्र शुक्लांनी तिला ‘सधुक्कडी’ म्हटले, श्यामसुंदरदासांनी ‘पंचमेल खिचडी’. अवधी, ब्रज, खडी बोली, राजस्थानी, पंजाबी असे सगळे कबीराच्या वाणीत सापडते, आणि त्यामुळे कबीर लहान ठरला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता अक्षराविषयी. हिंदीचा ‘मेल’ तो आपला ‘मेळ’. मेळ बसणे, ताळमेळ, मेळा, मेळावा, गणेशोत्सवातले मेळे, सगळे एकाच घरातले. हिंदीच्या रोजच्या वर्णमालेत ळ नाही. जबलपूरच्या मराठी मुलाला हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही, शाळेच्या पटावर कळते. घरी काळे असलेला मुलगा शाळेत काले होतो. गोळवलकरांचे गोलवलकर झाले ते तर साऱ्या देशाला माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत हा ल कागदावरून जिभेवर चाल करून येतो. नळ नल होतो, वेळ वेल होते, केळी केली होतात. आजी असेपर्यंत ती प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त करते. पुढे थांबवणारे कोणी राहत नाही. म्हणून संग्रहाचे नाव ‘पंचमेळ’. शब्द जबलपूरच्या बाजारातून घेतला आणि ळ घरातला ठेवला.

ही बोली जिथे घडली ते गावही तसेच आहे. जबलपूरच्या पश्चिमेला बुंदेली, पूर्वेला बघेली, मंडल्याकडे गेले की गोंडी. शहरात बंगाल्यांची दुर्गापूजा जुनी, रेल्वे आणि कारखान्यांबरोबर आलेले तमिळ आणि मल्याळी, फाळणीनंतर आलेले सिंधी आणि पंजाबी. विनोबांनी जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हटले असे तिथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. ते नाव एका मराठी माणसाने हिंदीत दिले, हेही या पुस्तकाच्या विषयाला धरूनच आहे. जमिनीचीही तीच कथा. लम्हेटाघाटावरून भूशास्त्रज्ञांनी ज्या खडकांना लमेटा हे नाव दिले, त्यांतला एक थर त्याच्या कबऱ्या, ठिपकेदार रंगावरूनच ओळखला जातो.

मराठी तिथे पोचली ती तलवारीबरोबर, स्थिरावली ती लेखणीबरोबर. १७४२ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांची स्वारी मंडल्यावर झाली. सागरला गोविंदपंत बुंदेल्यांनी मराठ्यांचे ठाणे बसवले होते. त्याच सागरकर मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य आपल्या ताब्यात घेतले. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपुरात भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. राज्य इतकेच टिकले. वस्ती मात्र त्यानंतर वाढली. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, राजधानी नागपूर. सरकारी कचेऱ्या, शाळा, न्यायालये यांत नागपूर-विदर्भाकडची आणि कोकण-देशावरची मराठी कुटुंबे भरती होऊ लागली. १८७० मध्ये मुंबईहून आलेला आणि कलकत्त्याहून आलेला, असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले. पुढे छोटी लाइन झाली, जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाला जाणारी. किती लग्ने त्या लाइनने जुळवली याची गणती नाही. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, ज्याला गावात सगळे जीसीएफ म्हणतात.

मग १ नोव्हेंबर १९५६. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, महाकोशल, म्हणजे जबलपूरकडचा मुलूख, नव्या मध्यप्रदेशात राहिला, राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला. नागपूरच्या न्यायालयातली वकील, कारकून, लघुलेखक मंडळी पेटारे बांधून जबलपूरला आली. विद्युत मंडळाचे मुख्यालयही जबलपुरातच राहिले. तोवर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा चालणाऱ्या प्रांतात राहिलेला माणूस एका तारखेपासून हिंदी राज्यातला अल्पसंख्य झाला. घर तेच, चूल तीच, दाराबाहेरची कागदपत्रे बदलली. या संग्रहातले पुष्कळसे शब्द त्या तारखेनंतर घरात आले आहेत.

ते कसे आले हे नियमाने सांगता येते, आणि इथे थोडे थांबून एकच वाक्य नीट पाहावे असे मला वाटते. नेपियर टाऊनमधल्या घरात एक बाई आतून सुनेला सांगते आहे : ‘‘अगं, ठेलेवाला येऊन राहिलाय. दोन-चार गिलक्या घे, भटे घे भरतासाठी, बरबटी कोवळी असली तर पाव किलो, आणि सुट्टे नसतील तर उद्या देऊ म्हण.’’ गिलकी म्हणजे घोसाळे, भटा म्हणजे वांगे, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. तिन्ही नावे हातगाडीवाल्याची, कारण व्यवहार त्याच्याशी आहे आणि घोसाळे म्हटले तर तो पुढे निघून जाईल. पण ती दारातून आत आल्यावर काय होते ते बघा. गिलकीचे अनेकवचन हिंदीप्रमाणे गिलकियाँ होत नाही, गिलक्या होते, जशी टिकलीच्या टिकल्या. भटा आत येतो आणि ‘भट्याचं भरीत’ म्हणताना त्याला मराठीचे सामान्यरूप निमूटपणे घ्यावे लागते. ‘येऊन राहिलाय’ ही घडण हिंदीतल्या ‘आ रहा है’च्या सहवासातली, नागपूरकडेही ती घरोघर आहे, पण तिच्यातले ‘येऊन’ आणि ‘राहणे’ दोन्ही मराठीच. ‘अगं’ आणि ‘म्हण’ या दोन टोकांना तर कोणाचाच हात लागलेला नाही. नाव बाजाराचे, रूप घराचे. हा नियम संग्रहातल्या बहुतेक नोंदींना लागू पडतो.

जी वस्तू बाजारातून येत नाही तिचे नाव बदललेले दिसत नाही. फोडणी, उलथणे, पोळपाट, परात, नैवेद्य, निरांजन, उंबरा : जबलपूरच्या मराठी घरांत हे सगळे जसेच्या तसे आहे. माझ्या आजीच्या तोंडी घंगाळ आणि न्हाणी हे शब्द शेवटपर्यंत होते. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणींना ते ठाऊक नव्हते आणि मला घोसाळे ठाऊक नव्हते. त्यांच्या वाड्यात माझ्या ‘गिलकी’वर झालेली हसाहस मी विसरलेले नाही. घंगाळावर मात्र कोणी हसले नाही, तो ‘जुना शुद्ध शब्द’ ठरला. एकाच मुलीच्या तोंडातले दोन शब्द, दोन्ही त्यांना अपरिचित, आणि न्याय दोन तऱ्हांचा. बाहेरच्या मराठीला आपण कसे मोजतो ते मला त्या दिवशी कळले.

कचेरीतले शब्द वेगळ्या दाराने आले. उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या घरात ‘आज पेशी आहे’ असे म्हणतात. महाराष्ट्रात तिथे ‘तारीख आहे’ म्हणतील. पक्षकार हा मुवक्किल, साक्ष ही गवाही. गंमत अशी की यांतले पुष्कळ शब्द फारसी-अरबीचे, आणि मराठीला फारसी मुळीच परकी नाही. तारीख, वकील, फिर्याद हे आपलेही शब्द त्याच वाटेने आलेले. म्हणजे पुण्याच्या मराठीने शिवकाळापूर्वी जी देवघेव केली तीच जबलपूरच्या मराठीने पुन्हा एकदा केली, वेगळ्या शब्दांनिशी. कारखान्याच्या वसाहतींतून इंग्रजी आली : क्वार्टर, शिफ्ट, ओटी (म्हणजे ओव्हरटाइम), इस्टेट. ‘बाबांना आज ओटी आहे’ हे वाक्य जीसीएफच्या आणि खमरियाच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या मुलांनी बोलायला शिकताना ऐकलेले आहे.

सगळ्यात अवघड आहेत ते दोन्हीकडे असलेले शब्द. खाली, संसार, चेष्टा, शिक्षा. रूप एक, अर्थ दोन. जबलपूरचा मराठी माणूस ‘घर खाली केलं’ म्हणतो आणि त्याच दमात ‘खाली बस’ म्हणतो, गोंधळ कोणाचाच होत नाही. ‘आवाज’ हिंदीत बाई, मराठीत पुरुष, म्हणून ‘आवाज आली’ आणि ‘आवाज आला’ दोन्ही एका घरात ऐकू येतात, बोलणारा आजोबा आहे की नातू त्यावर ठरते. ‘आम्ही लोक उद्या निघू’ यातला ‘लोक’ बाहेरच्या माणसाला खटकतो. ‘मला ते चांगलं नाही लागत’ हे वाक्य तर पुण्याच्या कानाला चवीबद्दलचे वाटेल. बोलणारा आवडीबद्दल बोलत असतो. संग्राहकांनी अशा वाक्यांपुढे ‘चूक’ अशी खूण केलेली नाही, अर्थ आणि प्रसंग दिला आहे. मला हे धोरण अगदी योग्य वाटते.

बुंदेलीचा भाग या संग्रहात सर्वांत रसाळ आहे. जबलपूरची ओळख सांगणारी हाक म्हणजे ‘काय बड्डे!’ बड्डे म्हणजे मोठा भाऊ, पण हाक कोणालाही मारतात, लहानालासुद्धा. आणि हा ‘काय’ बुंदेलीचा आहे. फुहाऱ्यापाशी किंवा मालवीय चौकात तो पहिल्यांदा कानी पडला, की महाराष्ट्रातून आलेला पाहुणा दचकून वळून बघतो, त्याला वाटते ओळखीचे कोणी भेटले. ‘हओ’ हा बुंदेली होकार आपल्या ‘हो’च्या इतका शेजारी आहे, की मराठी मुलाने नेमका कोणता उच्चारला हे सांगता येत नाही. ‘अपन चलते हैं’ यातला अपन आपल्या ‘आपण’सारखा ऐकणाऱ्याला पोटात घेतो. या समान गोष्टी कुठून कुठे गेल्या, की दोन्हीकडे आधीपासून होत्या, यावर विद्वानांनी बोलावे. घरात त्यांचा उपयोग एवढाच, की दोन भाषांमधला उंबरा ठेंगणा झाला. नात्यांचे शब्दही असेच वाटून घेतलेले. सख्ख्या मोठ्या बहिणीला ताई, शेजारच्या घरातल्या थोरल्या मुलीला जिज्जी. शेजारची मुले माझ्या आईला काकू म्हणत आणि आम्ही त्यांच्या आईला चाची म्हणत असू. प्रत्येकाला त्याच्या घराचा मान त्याच्या शब्दाने.

खाण्याबद्दल थोडेच सांगते, कारण संग्रहात त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट इथे सहलीला जायचे म्हणजे गक्कड-भर्ता ठरलेला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे आणि तिथेच वांगी भाजून भर्ता. मराठी घरे त्या भर्त्यावर हिंग-मोहरीची फोडणी ओततात आणि त्याला भरीत म्हणतात. गक्कडाला मात्र गक्कडच म्हणतात, त्याला दुसरे नाव शोधायची कोणाला गरज वाटली नाही.

आता जे म्हणतील की ही मराठीची घसरण आहे, त्यांच्यापुढे काही जुन्या गोष्टी ठेवते. नामदेव उत्तरेत गेले आणि तिथल्या बोलीत त्यांनी पदे केली. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांच्या त्या हिंदीत मराठीच्या खुणा आहेत. एकनाथांनी हिंदुस्तानीत भारुडे लिहिली. तंजावरचे शहाजीराजे यांनी सतराव्या-अठराव्या शतकाच्या संधिकाळात ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक रचले. संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगमंचावर. पाचच. मराठी राजाने मराठी मुलखापासून शेकडो कोसांवर बसून रचलेल्या या नाटकाची आठवण मला या संग्रहाच्या नावामुळे झाली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्याची गरज पडली, यातच रोजची मराठी किती मिसळलेली होती ते दिसते. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे खंदे समर्थक झाले. त्यांच्या दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. पण शुद्धी करायची तरी आधी मोजदाद लागते, आणि जबलपूरच्या मराठीची मोजदादच कोणी केली नव्हती.

मिसळलेल्या घरांतून काय उगवते याची दोन उदाहरणे याच प्रदेशातली आहेत. माधवराव सप्रे १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मले, मराठी घरात. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला. १९०१ची त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतली पहिली लघुकथा असे अनेक अभ्यासक मानतात. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले ते त्यांनीच. १९२० मध्ये माखनलाल चतुर्वेदींच्या संपादनाखाली जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागेही सप्रे होते. हिंदी गद्याच्या पायात मराठी घरातल्या माणसाचे एवढे कष्ट आहेत आणि महाराष्ट्रातल्या सुशिक्षितांना त्यांचे नावही क्वचितच माहीत असते. दुसरे उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. थोरले गजानन माधव काही काळ जबलपुरात होते, मग नागपूर, राजनांदगाव. ते हिंदीचे मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक झाले, १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. एका आईची दोन मुले दोन भाषांत गेली आणि दोन्ही भाषा श्रीमंत झाल्या. त्या घरात आईशी कोणत्या भाषेत बोलत, हे विचारण्याचे कारणच नाही.

जबलपुरात शब्दसंग्रहाचे काम यापूर्वीही एकदा झाले आहे, अगदी वेगळ्या हेतूने. विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी तिथे होता. ठगांच्या बंदोबस्तासाठी त्याने माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून त्यांची गुप्त बोली लिहून घेतली आणि १८३६ मध्ये ‘रामसीआना’ हा तिचा कोश कलकत्त्याहून छापला. बोली कळली म्हणजे माणसे पकडता येतील, हा त्याचा हिशेब. शब्द त्याने नीट टिपले, अर्थ दिले, वापराची उदाहरणे दिली. पद्धत म्हणून ते काम आजही शिकण्यासारखे आहे. पण ज्यांचे शब्द होते ते बेड्यांत बसून ते सांगत होते. प्रस्तुत संग्रहातले शब्द स्वयंपाकघरात, गणपतीच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात, हळदीकुंकवाला बसून मिळाले आहेत, आणि सांगणाऱ्यांनी ते हौसेने सांगितले. काहींनी ‘हे चुकीचं आहे, पण आम्ही असंच म्हणतो’ अशी प्रस्तावना करून सांगितले. ती अपराधी भावना या पुस्तकाने थोडी जरी कमी केली, तरी संग्राहकांचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या बोलीचे मिसळलेपण मी प्रेमाने सांगते आहे, म्हणून ती सुखरूप आहे असे कोणी समजू नये. पाच भाषांचा मेळ असायला पाचही भाषा हजर लागतात. आज जबलपूरच्या पुष्कळ मराठी घरांत नातवंडे मराठी समजतात पण बोलत नाहीत, आजीने मराठीत विचारायचे आणि त्यांनी हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर द्यायचे. गिलक्यांच्या जागी गिलकियाँ आली, की शब्द तोच राहतो आणि भाषा बदललेली असते. मला काळजी वाटते ती हिंदी शब्दांची नाही, त्या शब्दांना वळवून घेणाऱ्या मराठी प्रत्ययांची आहे. प्रत्यय गेले की उरते ती मराठी आडनावांची हिंदी. म्हणून संग्रहात प्रत्येक नोंदीखाली शब्द एकटा न देता पूर्ण वाक्यात दिला आहे. ती वाक्ये मोठ्याने वाचावीत, लहान मुलांना ऐकवावीत.

पुस्तक वाचताना क्रम पाळायची गरज नाही. जबलपूरच्या वाचकाने भाजीबाजाराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, महाराष्ट्रातल्या वाचकाने नात्यांच्या. ज्यांना व्याकरणात रस आहे त्यांनी लिंगभेदाचे टिपण आधी पाहावे. इंदूर, ग्वाल्हेर, सागर, रायपूर इथल्या मराठी वाचकांना यातले निम्मे शब्द आपलेच वाटतील आणि उरलेले अनोळखी, आणि ते तसेच असायला हवे, कारण प्रत्येक गावाचा पंचमेळ वेगळा आहे.

वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरातला एखादा शब्द इथे सुटला असेल तर तो कळवा. कळवताना शब्द कोणाच्या तोंडचा, कोणाला उद्देशून, कोणत्या कामाच्या वेळी बोललेला, हे लिहा आणि पूर्ण वाक्य द्या. त्याला शुद्ध करून पाठवू नका. आणि जिथे ळ असेल तिथे ळच लिहा.